पाणी कुठं मुरतं

फ्लशचा आवाज थांबला तरी बाबा संडासाच्या दारातच उभे होते. एक हात चौकटीवर, मान किंचित वाकडी. बंद पडलेल्या लिफ्टचा आवाज ऐकताना ते उभे राहायचे, अगदी तसेच. ती ओट्याशी ब्रेडला लोणी लावत होती.

"काय झालं? तुंबलं का?"

"तुंबलं नाही. जातं कुठं हे?"

"काय जातं कुठं?"

"आपण जे सोडतो ते. सातव्या मजल्यावरून खाली जातं, इथवर कळतं. पुढं?"

"गटारात."

"आणि गटार?"

"मोठ्या गटारात."

"आणि ते?"

तिच्या हातातली सुरी थांबली. तिला ठाऊक नव्हतं. जमिनीच्या पोटात काय दडलंय हे सांगण्यावर जिचं पोट चालतं, ती बाई स्वतःच्या संडासाचं पाणी रस्त्याच्या कोपऱ्यापलीकडे कुठं जातं ते सांगू शकत नव्हती. "असं का विचारताय सकाळी सकाळी?" तिनं जरा चिडूनच विचारलं. बाबा खुर्चीत बसले, चहाचा कप पुढं ओढला आणि दूध संपलंय म्हणावं तशा सुरात म्हणाले, "डोंगरावर घर बांधायचं म्हणतोय. तिथं गटार नाही. म्हटलं, इथं कुठं जातं ते तरी आधी कळू दे."

डोंगरावरचा तुकडा होता, हे तिला माहीत होतं. म्हणजे घरात एखादं न उघडलेलं कपाट आहे हे माहीत असावं, तितपतच. आई-बाबांनी तरुणपणी कधीतरी तो घेतला होता, आणि मग मुलगी, आईचं आजारपण, आईचं जाणं, या सगळ्यात तो कुणाच्या तोंडी आला नव्हता. तिचा संसार मोडल्यावर बाबा तिच्याकडे चार दिवसांसाठी म्हणून आले आणि राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांना वरखाली करणारा हा लिफ्ट मेकॅनिक, निवृत्तीनंतर सातव्या मजल्यावर बसून खिडकीतून समोरच्या इमारतीच्या लिफ्टची खोली बघत असे, आणि तिचे दोर सैल झालेत असं अधूनमधून जाहीर करत असे. तो माणूस डोंगरावर घर बांधणार म्हणे. तिनं हसून सोडून द्यायचं ठरवलं. पण त्या दिवशी प्रयोगशाळेत नमुन्याच्या पिशव्या फोडताना तिच्या डोक्यात तो प्रश्न नळासारखा ठिबकत राहिला. आणि ते? आणि ते? शहराच्या चारी बाजूंची माती तिच्या टेबलावर येई, वाळे, दळली जाई, चाळण्यांतून गळे. काळी, तांबूस, राखेसारखी. त्या मातीवर किती मजले चढवता येतील हे ती सांगे आणि पिशवी कचऱ्यात जाई. इतक्या वर्षांत ज्या जागेची माती तपासली तिथं उभं राहायला ती कधी गेली नव्हती. तिकडं बूट घालून जाणारी माणसं वेगळी होती. लहानपणी मात्र ती माती खायची. खरोखरच. आई गॅलरीतल्या कुंड्या ओल्या करून आत वळली की ही कुंडीशी बसून बोटानं उकरून खायची. जिभेवर आधी थंड लागे, मग दातांत बारीक कचकच, मग पत्र्यासारखी एक चव. आईनं कुंड्या वर टांगल्या, तर ही खुर्ची घेऊन चढली. तेव्हापासून बाबा तिला मातखाऊ म्हणत. पुढं तिनं हाच विषय घेतला तेव्हा म्हणाले, चला, आता माती खाल्ली तरी कुणी रागावणार नाही. आणि लग्न मोडलं तेव्हा तिला स्वतःलाच ते आठवलं होतं: खाल्ली खरी माती.  बाबांनी मात्र तेव्हा गाद्या घातल्या, दिवा मालवला, एवढंच.

चार दिवसांनी तिनं स्वतःच विषय काढला. "जागा बघितल्याशिवाय काही बोलू नका. मी येते. माती काय म्हणते ते बघू." बाबांना वाटलं ती मदतीला येतेय. तिलाही तसंच वाटत होतं. रजा टाकताना, खोलवरची माती काढायचं गिरमिट, कुदळ आणि फावडं गाडीच्या डिकीत घालताना, उकडलेली अंडी डब्यात भरताना ती चक्क उत्साहात होती. फक्त घाटाच्या वळणांवर, बाबा काचेला नाक लावून लहान पोरासारखे दरी बघत असताना, तिच्या लक्षात आलं की आपण मनातल्या मनात एक वाक्य जुळवतोय. वाईट वाटून घेऊ नका बाबा, पण ही जागा काही खरी नाही. वाक्य छान जमलं होतं. जागा अजून बघायची होती.

जागा म्हणजे उतारावरचा एक लांबोडका पट्टा. वरून रस्ता, खाली ओहोळ. पट्ट्याच्या अलीकडच्या टोकाला, रस्त्याला लागून, अंगणासारखी सपाट जागा होती. पलीकडच्या टोकाला उतार, झाडी आणि एक बसका खडक. बाबा सपाट जागेच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि त्यांनी हात पसरले. "इथं घर. दार इकडं. इथं बसून चहा प्यायचा. तुझी आई इथंच बसली होती, अगदी इथं. चप्पल काढून." आईला तिनं असं, जमिनीवर चप्पल काढून बसलेलं, कधी पाहिलं नव्हतं. तिच्या आठवणीतली आई सतत उभी असे, ओट्याशी, नळाशी, दाराशी. ती त्या जागेकडे बघत राहिली. गवत, दोन दगड, एक मुंग्यांची रांग. मग तिची नजर काठावरच्या झाडांकडे गेली. त्यांचे बुंधे जमिनीतून सरळ निघत नव्हते. आधी दरीकडे झुकून, मग कोपरासारखे वळून वर गेले होते. सगळेच्या सगळे.

"ही झाडं बघा बाबा."

"काय झालं त्यांना?"

"माती चालतेय खालून. फार हळू, पण चालतेय. झाड कलतं, मग पुन्हा सरळ व्हायला बघतं, पुन्हा कलतं. म्हणून बुंधा असा होतो."

बाबा एका झाडाजवळ गेले आणि त्या वाकलेल्या बुंध्यावरून हात फिरवू लागले. "आयुष्यभर हेच करतंय बिचारं," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा नव्हती. उलट कुणीतरी त्यांना एक नवीन यंत्र उघडून दाखवलं होतं. "मग माती चालत चालत जाते कुठं?"

या प्रश्नाचं उत्तर खालून आलं. उतारावरून एक बाई वर येत होती, साठीच्या आसपासची, हातात दोन रिकाम्या बादल्या, पायात पुरुषी बूट. खालच्या घरात ती एकटीच राहत होती, मधमाश्या पाळत होती. तिनं नमस्कार-चमत्काराच्या भानगडीत न पडता विचारलं, "बांधणार आहात का?"

"बघतोय," बाबा म्हणाले.

"बांधा हो. सोबत होईल. फक्त एक सांगा, तुमचं घाण पाणी कुठं सोडणार? माझा झरा बरोबर याच्या खाली आहे. मी तेच पिते. माश्याही तेच पितात."

बाबांनी तिच्याकडे इतक्या आनंदानं पाहिलं की ती बाई बुचकळ्यात पडली. "बघ!" ते लेकीला म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? पहिला प्रश्न हाच." खालची बाई बादल्या तिथंच ठेवून गेली. खड्डा करून पाणी मुरतंय का बघणार म्हणताय, तर ओहोळातून पाणी आणायला होतील, म्हणाली, आणि मुक्कामाला माझ्याकडंच या, एक खोली रिकामी आहे.

तिनं खड्डा खणायला घेतला. सुरुवातीला बाबा कुदळ मारत होते, मग त्यांना धाप लागली आणि ते काठावर बसून प्रश्न विचारू लागले. खड्डा कमरेइतका झाल्यावर ती आत उतरली आणि एकदम आवाज बदलले. वारा वरून जात होता. आत फक्त तिचा श्वास आणि मातीचे कण सुटून पडण्याची बारीक सळसळ. हा वास तिच्या टेबलावर कधी येत नसे. पिशवीत माती पोचेपर्यंत वास मेलेला असतो. इथं तो ओला होता, मुळांचा, गोगलगाईंचा, कशाच्या तरी कुजण्याचा आणि त्याच वेळी कशाच्या तरी उगवण्याचा. तिला लाळ सुटली. पन्नाशीच्या बाईला खड्ड्यात उभं राहून तोंडाला पाणी सुटावं, याचं तिला हसू आलं आणि तिनं बोटावर चिमूटभर घेऊन जिभेला लावलंही. बाबा वरून बघत होते. त्यांनी डब्यातलं अंडं पुढं केलं.

मग ती भिंत वाचू लागली. वर पालापाचोळ्याचा पातळ थर. त्याखाली नुसता काला: दगड, चिकणमाती, डांबराचा एक गोळा, चपलेचा निळा पट्टा. वरचा रस्ता काढताना डोंगर कापला असणार आणि निघालेलं सगळं इथं लोटलं असणार. त्या भरावामुळंच ही जागा सपाट झाली होती. त्याच्याही खाली एक काळा पट्टा होता, वीतभर जाड, त्यात कुजलेली मुळं, गवताच्या काड्या. तिनं त्यावर बोट ठेवलं. ही जुनी जमीन होती. कधीकाळी यावर ऊन पडत होतं, कुणीतरी चाललं असेल. एक दिवस वरून ढिगारा आला आणि ती तशीच, गवतासकट, गाडली गेली. आई बसली ती वरच्या जमिनीवर की या? रस्ता आधीचा की नंतरचा? विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही. काळ्या पट्ट्याखाली माती राखाडी झाली होती आणि तिच्यात गंजासारखे तांबडे ठिपके होते. म्हणजे पावसाळ्यात इथवर पाणी चढून उभं राहतं. मातीला महिनोन्‌महिने श्वास मिळत नाही तेव्हा ती अशी राखाडी पडते. घराला आधार नाही, शोषखड्ड्याला वाव नाही. ते ठिपके बघताना तिला आनंद झाला. आणि तो आनंद तिनं ओळखला. हवा तो निकाल लागल्याचा होता तो. ती पटकन खड्ड्यातून वर आली.

"आता?" बाबांनी विचारलं.

"आता शेजारी एक छोटा खड्डा घेऊन पाणी भरायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. उद्या सकाळी पुन्हा भरायचं, मग मोजायचं."

"आजच का नाही?"

"कोरडी माती पहिल्यांदा अधाशासारखी पिते. तो तिचा खरा स्वभाव नसतो. पोट भरल्यावर किती पिते ते बघायचं."

"माणसांचंही तसंच करायला हवं," बाबा म्हणाले. "लग्नाआधी."

दोघंही हसले. तिच्या लग्नावर ते पहिल्यांदाच एकत्र हसले होते.

सकाळी छोट्या खड्ड्यात पुन्हा पाणी भरलं, कडेला मोजायची पट्टी रोवली आणि दोघं काठावर बसली. पाणी हलत नव्हतं. त्यात आभाळाचा एक तुकडा पडला होता, त्यावरून ढग जात होते, आणि पट्टीवरची ओली रेघ होती तिथंच होती. एखादी गोष्ट घडत नाही हे बघत बसणं किती अवघड असतं, असा विचार तिच्या मनात आला. प्रयोगशाळेत घड्याळ लावून ती दुसऱ्या कामाला लागे. इथं दुसरं काम नव्हतं. शेजारी बाबांचा श्वास होता. तो तिला रोज पलीकडच्या खोलीतून ऐकू येई, खोकल्यासकट, आणि तो ऐकू आल्यावरच तिला झोप लागे. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही आत्ताच सांगत होती.

"बाबा, खरं का जायचंय तुम्हाला? आईसाठी?"

बाबा पाण्याकडे बघत होते. "तुझ्या आईला ही जागा आवडली, पण पायाला डास चावले म्हणून अर्ध्या तासात चल म्हणाली. तिच्यासाठी नाही." मग पट्टी सरळ करत, "तू फोनवर बोलत असतेस ना. चल म्हटलं कुणी नाटकाला, कुणी सहलीला, की तू म्हणतेस, बाबा घरी एकटे असतात. मी आतून ऐकतो. लिफ्टवाल्याचे कान आहेत. म्हटलं, आपला एवढा भार होत असेल तर उतरावं."

 तिला सांगता आलं असतं की तो भार नव्हता, आडोसा होता. त्या नाटकांना, त्या सहलींना तिला जायचंच नसे. चारचौघांत पुन्हा नव्यानं हसायचं, कुणाशी तरी पुन्हा जुळवून घ्यायचं, याचीच धास्ती. आणि बाबांचं नाव घेतलं की कुणी पुढं विचारत नसे. म्हणजे त्या म्हाताऱ्याला तिनं आपल्यापुढं भिंतीसारखं उभं केलं होतं, आणि भिंतीला वाटत होतं आपणच वाट अडवतोय. हे सगळं ओठांवर आलं आणि तिनं पट्टी बघितली. पाणी जिथल्या तिथं.

"नाही जमणार बाबा," ती म्हणाली. घाटात जुळवलेलं वाक्य आठवेना. नुसतीच कारणं बाहेर पडली. "हा सगळा भराव आहे. घर सरकेल. आणि पाणी मुरत नाही. संडासाच्या टाकीतलं वर येईल, नाहीतर फुटून त्या बाईंच्या झऱ्याला जाऊन मिळेल."

"नक्की?"

"नक्की."

"बरं," बाबा म्हणाले. इतकंच. वाद नाही, हट्ट नाही. उठले, पँटची माती झटकली, पट्टी उपटून तिच्यावरचा चिखल गवताला पुसला आणि बादल्या बाईंसाठी एका बाजूला ठेवून गाडीकडे निघाले. ती त्यांच्या पाठीकडे बघत राहिली. ती खोटं एक अक्षर बोलली नव्हती. तिनं खड्ड्यात माती लोटायला सुरुवात केली. काळा पट्टा दुसऱ्यांदा गाडला गेला. संध्याकाळपर्यंत घरी पोचू, तिच्या मनात येत होतं, जाताना दूध घ्यायला हवं. आणि हे चालू असताना तिचे डोळे पलीकडच्या टोकाकडे गेले. पहिल्यांदा गेले असं नाही. कालपासून जात होते आणि ती ते परत आणत होती. तिथली झाडं सरळ होती. दोरा लावल्यासारखी. उतार असून सरळ. म्हणजे तिथं माती धरून बसलीय. पण कशाला धरून? खडक वर दिसतो तसाच खाली पसरला असेल, की मधेच तुटत असेल? माती किती खोल असेल? नेची उगवलीत, पण ओहोळाकाठी असतात तशी दाट नाहीत. म्हणजे ओल आहे आणि निचराही आहे? बघायची काही गरज नव्हती. बघितलं तर नुकसानच होतं, आणि ते कुणाचं हेही तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं फावडं खाली ठेवलं, गिरमिट उचललं आणि ती झाडीत शिरली.

गिरमिट पहिल्याच वेढ्याला लोण्यासारखं आत गेलं. तिनं वर ओढलं. पात्यात तपकिरी माती होती, भुसभुशीत, कणीदार, मुठीत दाबली तर गोळा व्हावी आणि बोट लावलं तर सुटावी अशी. मुळं सगळीकडं. एक गांडूळ. पुन्हा घातलं. तीच माती, जरा दगडाळ. पुन्हा. कुठं राखाडी नाही, कुठं गंज नाही. ओहोळ इथून वळून दूर जात होता आणि झरा डोंगराच्या त्या अंगाला राहत होता. पिण्याच्या बाटलीत उरलेलं पाणी तिनं त्या भोकात ओतलं आणि गुडघ्यांवर बसून बघितलं. पाणी घटाघट पळालं नाही आणि अडूनही बसलं नाही. शांतपणे, घोट घोट, खाली गेलं. ही पक्की चाचणी नव्हती, त्यासाठी पुन्हा रात्रभर भिजवावं लागणार होतं. पण आपल्या हाताला काय कळलंय ते तिला कळलं होतं. ती तशीच बसून राहिली. आत्ता उठून, गिरमिट पुसून, गाडीत बसलं असतं तर जगात कुणालाही पत्ता लागला नसता.

"बाबा!" तिनं हाक मारली. "बाबा, इकडं या. लवकर!"

बाबा झाडं धरत धरत आले. तिनं त्यांच्या तळहातावर ती माती ठेवली आणि ती बोलत सुटली. घर खडकाला टेकून, टाकी या बाजूला, तिथून पाणी मुरायला उताराला आडवे चर, आणि भाजी त्यांच्या वरच्या अंगाला, चरांवर अजिबात नाही, दगड वेचावे लागतील, मुळे-गाजरं दुभंगतील पण पालेभाजी अशी येईल की... ती थांबली. बाबा खाली बसले होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता.

"काय झालं?"

"काही नाही." त्यांनी मातीची मूठ वळली, उघडली. "मघाशी तू नाही म्हणालीस ना, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! एवढ्या मोठ्यानं बोलून बसलो, आता मागं कुठल्या तोंडानं फिरायचं? मातीच नाही म्हणाली तर बरंच. इथं एकटं राहायचं या विचारानंच मला भीती वाटते."

 "मीही सुटले होते," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली. "मग हे भोक कशाला पाडलंस?"

"बघायचं होतं."

"काय?"

"खाली काय आहे ते."

बाबांनी मान डोलावली. चालू असलेली मोटार उगाच उघडून बसल्याबद्दल त्यांनीही आयुष्यभर बोलणी खाल्ली होती.

"मला तुमचा भार नाही," ती म्हणाली. जमिनीकडे बघत. "मलाच जायचं नसतं कुठं. तुमचं नुसतं नाव सांगते."

"असं होय," बाबा म्हणाले. आणि तळहातावरची माती झटकत, "मग तर बांधायलाच हवं. माझं नाव सांगून घरी बसायची सोय तरी राहणार नाही."

खालून बाईची हाक आली. झाडांतून ती दिसत नव्हती, नुसता खणखणीत आवाज. "काय ठरलं मग? येताय की नाही?"

"तुम्ही सांगा," ती कुजबुजली.

"तू सांग. माती तू बघितलीस."

"राहणार तुम्ही."

बाबा झाडाला धरून उठले. घसा खाकरला. "येतोय!" ते इतक्या जोरात ओरडले की शेवटी आवाज चिरकला आणि डोंगरातून तो चिरकलेलाच परत आला. मग ते मट्‌कन खाली बसले. "दोन खोल्या काढू," ते हळूच म्हणाले. "खडकाच्या बाजूला तुझी. येशील ना शनिवार-रविवार?"

पण ती आधीच गिरमिट घेऊन खडकाकडे निघाली होती. "थांबा," ती मागं न बघता म्हणाली, "आधी तिथं खाली काय आहे ते बघू दे."